उंटभर मीठ, तेरा तोळे सोनं – मोरोक्कोतले सात दिवस

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० वर्षं इतिहास-भूगोल शिकवत होते आणि दरवर्षी पोरांची सहल दौलताबादला नेऊन तेच सांगायचे, की इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा माणूस या किल्ल्याबद्दल लिहून गेलाय, इथल्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत म्हणून. मी पण त्या सहलीत असायची. हा इब्न बतूता दिल्लीत तुघलकाकडे काझी होता, १३४२ मध्ये दिल्ली सोडली, आपल्या दौलताबाद-नंदुरबारवरून पुढे गेला, चीनपर्यंत जाऊन आला, आणि घरी पोचल्यावर परत निघाला, थेट सहारा पार करून सोन्याच्या देशात, म्हणजे मालीत. मामा रिटायर झाले तेव्हापासून एकच म्हणत होते की तो आपल्या गावाला आला, आपण एकदा त्याच्या गावाला जाऊन येऊ. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत जमलं. व्हिसा ऑनलाइन झाला, विमानाचं काही विशेष सांगण्यासारखं नाही, सरळ दिवसांवर येते.

दिवस १, रविवार – मराकेश

सगळे आधी चौकात जातात, जेमा एल-फनाला, आम्ही सकाळी एल बादी महालात गेलो. महाल म्हणजे आता नुसत्या उंच मातकट भिंती, मधे प्रचंड मोठा हौद, आणि भिंतींच्या टोकांवर करकोच्यांची घरटी. चोचींचा कटकट आवाज सारखा चालू असतो. हा बांधायला घेतला १५७८ नंतर, सुलतान अहमद अल-मन्सूरने. पोर्तुगीजांना लढाईत हरवल्यावर त्यांच्या सरदारांच्या सुटकेची जी खंडणी मिळाली त्यातून सुरुवात झाली. पण त्याचं जे दुसरं नाव पडलं, अद-धहबी म्हणजे सोनेरी, ते नंतरच्या उद्योगावरून. १५९० च्या शेवटी त्याने इथून सुमारे ४ हजार लोकांची फौज बंदुका घेऊन सहाराच्या पलीकडे पाठवली, १५९१ च्या मार्चमध्ये आजच्या मालीतल्या तोंदिबीला सोंघाई राज्याचा पराभव झाला आणि तिंबक्तूचं सोनं मराकेशला यायला लागलं.

मामा हौदाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "अगं, ८०० वर्षं व्यापारी तेच सोनं मीठ देऊन आणत होते, याला तोफा लागल्या." मला ते पूर्ण ट्रिपभर आठवत राहिलं. खाणी अल-मन्सूरच्या हातात कधी आल्याच नाहीत, खाणी खूप दक्षिणेला, बांबुक आणि बुरेला, सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या अंगाला होत्या, आणि नंतरच्या एका सुलतानाने या महालाचा संगमरवर सुद्धा उचकटून मेकनेसला नेला.

टिप: सकाळी लवकर जा, दुपारी सावली नाही. शाकाहारी असाल तर "ब्ला ल्हम" एवढं पाठ करा, म्हणजे बिनमासाचं. भाज्यांचं ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेली भाजी, सगळीकडे मिळतं पण कधीकधी रस्सा मटणाचाच असतो, त्यामुळे विचारून घ्या. सकाळी म्समेन नावाची चौकोनी घडीची पोळी आणि मध, ते मात्र डोळे झाकून खा.

दिवस २, सोमवार – तिझी न तिश्का आणि आयत बेनहद्दू

गाडी आणि ड्रायव्हर सात दिवसांसाठी ठरवलेला होता. ड्रायव्हरदादा आम्ही पाचव्या दिवशी जाणार होतो त्या रिसानीजवळचेच, अरबी, अमाझिग (म्हणजे बर्बर लोकांची भाषा), फ्रेंच आणि बऱ्यापैकी इंग्लिश बोलणारे. घाट २,२६० मीटरवर जातो, वर दोन्ही बाजूला बर्फ होतं. वाळवंट बघायला निघालेल्या माणसाला हे पटत नाही, पण इब्न बतूताने परतीच्या वाटेवर याच अ‍ॅटलसच्या पुढच्या रांगेत बर्फ झेललंय आणि लिहिलंय की बुखारा-समरकंदला बर्फ पाहिलं, पण याहून अवघड रस्ता पाहिला नाही. तर स्वेटर नाही, जाडजूड जॅकेट न्या.

आयत बेनहद्दू १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मातीची घरं एकावर एक चढत जातात आणि टेकडीच्या टोकाला गावाचं धान्याचं कोठार आहे. बहुतेक कुटुंबं आता नदीपलीकडच्या नव्या गावात राहतात. मला जास्त आवडलं ते वाटेतलं एक छोटं दुकान, तिथे गुलाबीसर मिठाचे खडे ठेवलेले. ही टेलुएतच्या बाजूची डोंगरातली खाण. मामांनी मुठीएवढा एक खडा घेतला, २० दिरहम, आणि तो पुढे पूर्ण प्रवासभर त्यांच्या जॅकेटच्या खिशात होता.

दिवस ३, मंगळवार – द्रा नदीचं खोरं, झागोरा

पूर्ण दिवस खजुराच्या झाडांतून रस्ता. एका बाजूला उघडे काळे डोंगर आणि मधे नदीच्या काठाने हिरवा पट्टा, त्यात मधे मधे मातीच्या भिंतींची जुनी गावं, त्यांना क्सर म्हणतात. पाणी फार कमी होतं, पात्र बऱ्याच ठिकाणी कोरडं. ड्रायव्हरदादा म्हणाले मागची काही वर्षं पाऊसच नाही, झाडं वाळतायत. मराठवाड्याच्या माणसाला यावर वेगळं सांगावं लागत नाही, मामा गाडी थांबवून एका वाळलेल्या बागेपाशी बराच वेळ उभे राहिले.

झागोराला ती प्रसिद्ध पाटी आहे, उंटांचा तांडा रंगवलेला आणि लिहिलंय तोंबुक्तू, म्हणजे तिंबक्तू, ५२ दिवस. फोटो काढला. आता तिथून कुणी जात नाही, अल्जीरियाची सीमा १९९४ पासून बंद आहे आणि उत्तर मालीत जाणं धोक्याचं आहे. कुणी "आम्ही नेतो" म्हणालं तरी हो म्हणू नका.

दिवस ४, बुधवार – तामेग्रूत आणि पंक्चर

झागोरापासून अर्ध्या तासावर तामेग्रूत. इथे नासिरिया पंथाची झाविया, म्हणजे मठच म्हणा, १७ व्या शतकात भरभराटीला आली आणि तिचं ग्रंथालय आजही आहे, सुमारे ४ हजार हस्तलिखितं. काचेच्या कपाटात गणित, खगोल, वैद्यक, हरणाच्या कातड्यावर लिहिलेलं कुराण. तिथे एक म्हातारे बाबा दाखवत होते, त्यांना आम्ही इंडियाचे कळल्यावर त्यांनी मामांचा हात धरून एका ताऱ्यांच्या आकृतीपाशी नेलं आणि बोटाने गोल गोल फिरवून काहीतरी समजावलं, भाषा कळत नव्हती पण दोघेही मास्तर, दोघांचं जमलं. या वाटेवरून सोनं-मिठाबरोबर पुस्तकं पण जायची, तिंबक्तूत पुस्तकाला चांगली किंमत यायची. बाहेर कुंभारवाडा आहे, हिरव्या झिलईची भांडी, रंग तांब्यामुळे येतो. एक वाटी घेतली, कपड्यांत गुंडाळून आणली, शाबूत पोचली.

मग रिसानीचा लांब रस्ता, आणि अलनिफच्या अलीकडे टायर गेलं. स्टेपनी काढली तर तिच्यात पण हवा नाही. दुपारचे ३, दोन्ही बाजूला दगडी माळ, फोनला रेंज नाही. सहारा म्हणजे सगळीकडे वाळूचे डोंगर असा आपला समज असतो, खरं म्हणजे बहुतेक असाच खडकाळ माळ आहे, हमादा म्हणतात. तासाभराने एक पिकअप थांबली, मागे तीन मेंढ्या आणि एक आजोबा. त्यांनी ड्रायव्हरदादांना चाकासकट गावात नेलं, आणि आजोबा आमच्याजवळ थांबले, म्हणजे आम्ही परके माणसं एकटे नकोत म्हणून. खुणेनेच बोलणं. त्यांनी झोळीतून रोटी आणि खजूर काढले, मामांनी खिशातला मिठाचा खडा काढून दाखवला. आजोबांनी तो जिभेला लावला, मान डोलावली आणि परत दिला. दोन तासांनी गाडी निघाली. आजोबांनी पैसे घेतलेच नाहीत, मामांनी दिलेला पाणी प्यायचा स्टीलचा तांब्या मात्र घेतला.

टिप: निघायच्या आधी स्टेपनीची हवा स्वतः बघा. माणशी ५ लिटर पाणी गाडीत ठेवाच.

दिवस ५, गुरुवार – रिसानी, म्हणजे सिजिलमासा

ज्याच्यासाठी आलो तो दिवस. रिसानीचा बाजार रविवार, मंगळवार आणि गुरुवारी असतो, म्हणून आम्ही गुरुवार धरूनच प्लॅन केला होता. बाजारात गाढवांचं पार्किंग आहे, शंभरेक गाढवं ओळीने उभी. मेंढ्यांचा बाजार वेगळा, मसाल्याचा वेगळा, आणि खजूर, बाप रे. आपण मेद्जूल म्हणून महागाचा खजूर आणतो तो मूळ याच ताफिलाल्त भागाचा. इब्न बतूता बसऱ्याशी तुलना करून लिहितो की इथला खजूर सरस. मामांनी चार प्रकार चाखले आणि इब्न बतूताच्या बाजूने मत दिलं.

जेवायला मद्फूना, इथली खासियत, कणकेत कांदा-मसाला-मटण भरून भट्टीत भाजलेली जाड भाकरी. पद्धत अशी की सारण तुम्ही भट्टीवाल्याला नेऊन द्यायचं आणि तो भाजून देतो. आमच्यासाठी कांदा, बदाम आणि अंड्याची केली. गरम गरम, हाताला चटके बसत, भट्टीसमोर बाकड्यावर बसून खाल्ली, या ट्रिपमधलं सगळ्यात भारी जेवण हेच.

मग गावाबाहेर. सिजिलमासा ७५७ मध्ये वसलं, पुढे काही शतकं उत्तरेकडून जाणाऱ्या तांड्यांचं हे मुख्य ठाणं होतं. आता काय आहे? मातीचे उंचवटे, दोन-चार अर्धवट भिंती, पायाखाली खापराचे तुकडे, आणि लांबवर झिझ नदीच्या काठची खजुराची झाडं. वारा चालू. मी खरं सांगते, पहिली दहा मिनिटं वाटलं की एवढ्यासाठी आलो का आपण. मग मामा एका ढिगावर बसले आणि बोलायला लागले आणि मला ते शहर दिसायला लागलं.

९५१ च्या सुमारास इब्न हौकल नावाचा भूगोलकार इकडे आला होता, त्याने एक हुंडी पाहिल्याचं लिहिलंय, सिजिलमासाच्या माणसाची, औदाघुस्तच्या व्यापाऱ्याच्या नावावर, ४२ हजार दिनारांची. औदाघुस्त म्हणजे सहाराच्या पलीकडे, आजच्या मॉरिटानियात. म्हणजे मधे दोन महिन्यांचं वाळवंट आणि व्यवहार कागदावर. नंतर १०५४-५५ मध्ये अल्मोराविदांनी, म्हणजे सहारातून आलेल्या बर्बर राजवटीने, शहर घेतलं, त्यांचे इथले सोन्याचे दिनार एवढे खरे होते की स्पेनमधल्या ख्रिस्ती राजांनी पण त्यांची नक्कल पाडली, स्पॅनिश मारावेदी नाणं हे नावच अल्मोराविदांवरून आलंय.

आणि मग आमचा इब्न बतूता. इथे तो अल-बुश्री नावाच्या विद्वानाच्या घरी उतरला, आणि त्या माणसाचा सख्खा भाऊ त्याला आधी चीनमध्ये भेटला होता! त्याने इथे उंट घेतले, चार महिने चारून तगडे केले, आणि १३५२ च्या फेब्रुवारीत तांड्याबरोबर निघाला. आम्ही बसलो होतो तोही फेब्रुवारीच. २५ दिवसांनी तघाझा, आजच्या उत्तर मालीत. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, छप्पर उंटाच्या कातड्यांचं, झाड एक नाही, पाणी खारट, माश्या भरपूर. जमिनीतून मिठाच्या जाड लाद्या निघायच्या, एका उंटावर दोन. तिथे राहणारे म्हणजे फक्त खोदणारे गुलाम, मस्सूफा नावाच्या वाळवंटी टोळीचे. त्यांचं जेवण म्हणजे सिजिलमासा आणि द्राचा खजूर, उंटाचं मटण आणि दक्षिणेकडून आलेलं बाजरीसारखं धान्य. सगळं बाहेरून, तांडा आला नाही तर संपलं.

इथले गाइड, आणि खूप पुस्तकं पण, सांगतात की मिठाच्या वजनाइतकं सोनं मिळायचं. मला हे पटत नाही. कारण इब्न बतूताने भाव लिहून ठेवलाय: उंटभर मीठ वलाताला, म्हणजे सहाराच्या पलीकडे आजच्या मॉरिटानियात, ८ ते १० मिस्काल आणि पुढे मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४०. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम. मामांनी वाळूत काडीने हिशोब मांडला, आपला १० ग्रॅमचा तोळा धरून: वलाताला साडेतीन-चार तोळे, आणि मालीत साडेआठ ते तेरा, फार तर सतरा. उंटाच्या पाठीवर दोन लाद्या मीठ आणि बदल्यात तेरा तोळे. वजनाला वजन अजिबात नाही, पण वाटेत भाव तिपटी-चौपटीने वाढतो, यातच व्यापार आहे. मला हा खरा आकडा त्या दंतकथेपेक्षा जास्त आवडला.

मिठाला एवढी किंमत का, हे पण मामांनीच नीट समजावलं. नायजरच्या बाजूच्या गवताळ प्रदेशात मिठाचे साठे फार कमी, उन्हात अंगातलं मीठ घामाने जातं, खाणं ज्वारी-बाजरीचं, त्यात मीठ नसतंच, गुरांनाही लागतं. "आजोबा उन्हाळ्यात बैलाच्या पेंडेत मूठभर मीठ टाकायचे, आठवतं का? नाही टाकलं की बैल भिंत चाटायचा." आपल्याकडे पण लमाणांचे तांडे बैलांवर मीठच वाहायचे. आणि सोनं? ते तिकडे नदीच्या गाळात मिळायचं पण खाता येत नाही. घानाचा राजा (आजचा घाना देश नाही, मॉरिटानिया-मालीच्या बाजूचं जुनं राज्य) मिठावर कर घ्यायचा, अल-बक्री नावाच्या भूगोलकाराने १०६८ मध्ये लिहिलंय, मिठाचं गाढव आत आलं की एक दिनार, बाहेर गेलं की दोन. पुढे मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत एवढं सोनं वाटून गेला की तिथे सोन्याचा भाव पडला आणि १२ वर्षांनंतरही सावरला नव्हता असं अल-उमरी हा त्या काळचा लेखक सांगतो.

सूर्य मावळेपर्यंत बसलो. मामांनी एक खापराचा तुकडा उचलला, त्यावर बोटाचा ठसा होता, बघितला आणि जिथून घेतला तिथेच ठेवला. तुम्ही पण उचलून आणू नका. इथे माहितीसाठी काही नाही, जायच्या आधी वाचून जा नाहीतर माती बघून परत याल.

दिवस ६, शुक्रवार – खमलिया

मर्झूगा गावाच्या दक्षिणेला ७ किलोमीटरवर खमलिया, छोटंसं गाव, ग्नावा लोकांचं. यांचे पूर्वज सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेले. या वाटेने परत येताना नुसतं सोनं यायचं नाही, माणसं यायची. इब्न बतूता परतताना ज्या तांड्याबरोबर आला त्यात ६०० गुलाम बायका होत्या, त्याने हे एका ओळीत लिहिलंय, जसं मालाची मोजदाद लिहावी तसं. मामांनी ही ओळ मला आदल्या रात्री वाचून दाखवली आणि मग आम्ही दोघंही फार बोललो नाही.

खमलियात दुपारी संगीत असतं, बसा, चहा घ्या, पैसे टोपलीत टाका. पांढरे कपडे, मोठा ढोल, तीन तारांचं गुएंब्री आणि हातात लोखंडी करताळं, त्यांना क्रकेब म्हणतात. झांजेपेक्षा जड आवाज, एका लयीत, संपतच नाही. तो आवाज बेड्यांची आठवण आहे असं तिथे सांगतात. २०१९ मध्ये ग्नावाला युनेस्कोच्या वारशात घेतलं, पण त्या खोलीत बसल्यावर ते मानपत्र आठवत नाही, पोटात काहीतरी हलतं. आपल्या भजनी मंडळासारखं, आधी हळू, मग चढत चढत.

शुक्रवार होता म्हणून घरात कुसकुस होतं, त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं. एका मोठ्या परातीत मधे भोपळा, गाजर, चणे, सगळे आपापल्या बाजूने खाणार. ढोल वाजवणारे गृहस्थ साठीचे, त्यांना मामांनी ड्रायव्हरदादांकरवी विचारलं की तुमचे पणजोबा-खापरपणजोबा कुठल्या गावचे. ते म्हणाले, सुदान. इकडे सुदान म्हणजे आजचा देश नाही, वाळवंटाच्या पलीकडचा सगळाच मुलूख. मामांनी परत विचारलं, गाव कुठलं? त्यांनी दक्षिणेकडे हात केला आणि म्हणाले, गाण्यात काही शब्द आहेत, ते कुठल्या भाषेतले आम्हाला आता कळत नाहीत, पण आम्ही गातो.

अल-बुश्रीचं नाव आपल्याला माहितीय, हुंडीची रक्कम माहितीय, मिठाचा भाव मिस्कालपर्यंत माहितीय. तघाझात मीठ खोदणाऱ्या एकाचंही नाव नाही. मला या ट्रिपमधून हेच सगळ्यात जास्त लागलं आणि अजून जात नाही.

टिप: खमलियाला दहा मिनिटांत फोटो काढून पळणारे खूप येतात, निदान तासभर द्या. मार्चपासून रमजान लागणार होता, तुम्ही जाल तेव्हा तारखा बघून जा, दिवसा जेवणाचे हाल होतात. वाळवंटातल्या तंबूत रात्री पारा ५ च्या खाली जातो, आम्ही चार चार घोंगड्या घेऊन पण कुडकुडत होतो.

दिवस ७, शनिवार – एर्ग चेब्बी, मर्झूगाजवळचे वाळूचे डोंगर

पहाटे उंटावरून निघायचं ठरलं होतं पण वारा सुटला, वाळू डोळ्यात, दहा पावलांपुढचं दिसेना. उंटवाल्या पोराने सगळे उंट खाली बसवले, आम्हाला त्यांच्या आडोशाला बसवलं आणि माझ्या ओढणीने माझं तोंड नीट बांधून दिलं. उंट मात्र निवांत, नाकपुड्या मिटून रवंथ करत होते. अर्ध्या तासात वारा पडला आणि सगळी वाळू नव्याने विंचरल्यासारखी, आमच्या येतानाच्या पावलांचा पत्ता नाही. इब्न बतूताच्या तांड्याने पुढे निरोप घेऊन जायला मस्सूफाचा एक वाटाड्या १०० मिस्काल देऊन ठरवला होता, तो एकटा वलाताला जाऊन सांगायचा की तांडा येतोय, पाणी घेऊन सामोरे या. वाटेत तो मेला तर तांड्याला पण धोका. तोळ्यात सांगायचं तर साडेबेचाळीस तोळे, एका माणसाला. त्या अर्ध्या तासानंतर मला ही रक्कम जास्त वाटली नाही.

मग चढलो, एका मोठ्या टेकाडाच्या धारेवर. दक्षिणेला वाळू आणि वाळूच्या पलीकडे काळा माळ, तिकडेच अल्जीरिया. उंटवाला पोरगा खाली चहासाठी काटक्या पेटवत होता. मामा बोटं मोडत होते.

"आज पंधरा तारीख ना? आज निघालो तर तघाझाला होळीला पोचू."

"आणि वलाताला?"

"हनुमान जयंती तिथे."

"आणि मामा, परत?"

त्यांनी खिशातला मिठाचा खडा या हातातून त्या हातात घेतला आणि थोडा वेळ हिशोब केला. "परत यायला, पोरी, पुढच्या वर्षीची दिवाळी उलटून जाईल."